सप्तपदी लॉन्सचा ओटीपी

“तुमच्या कॉम्प्युटरवरून लग्न मोडता येतं का?”

मी मान वर केली. दारात एक मुलगी उभी होती. दोन्ही हात पुढे धरलेले, जणू कुणीतरी न दिसणारं ताट तिच्या हातावर ठेवलं होतं आणि न्यायचं कुठे ते सांगायचं राहिलं होतं. मनगटाच्या बरंच वरपर्यंत ओली मेंदी. खांद्याला पर्स. पायात दोन वेगवेगळ्या चपला.

“कुणाचं?” मी विचारलं. प्रश्न बरोबर नव्हता, पण दुसरा सुचला नाही.

“माझं.”

“कधी आहे?”

“उद्या. दुपारच्या अक्षता. बाहेर फलकावर माझं नाव लागलंय. म्हणजे माझं नाही लागलेलं. त्यावरूनच तर आलेय.” ती आत आली आणि खुर्चीकडे बघत उभी राहिली. “ही जरा ओढता का? हातांनी काहीच करता येत नाहीये.”

मी खुर्ची ओढली. ती बसली, उठली, परत बसली. वर पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता. बाहेर मांडववाले खांब ठोकत होते आणि प्रत्येक ठोक्याला माझा स्क्रीन किंचित हलत होता.

मी तेव्हा बार्शीच्या सप्तपदी लॉन्सचा नवा इंजिनिअर होतो. मंगल कार्यालयाला इंजिनिअर कशाला, असं सगळे विचारत. मीही विचारत असे. पुण्याच्या कंपनीनं मला कमी केलं होतं. आमच्या घरी त्याला ‘तिकडची हवा मानवली नाही’ म्हणत. मालक अंबादासशेठ वडिलांच्या ओळखीचे. त्यांची तीन लॉन्स होती आणि तिन्हीकडे गोंधळ होता. केटररचं ॲप वेगळं, मांडववाल्याचं सॉफ्टवेअर वेगळं, निमंत्रणाचे मेसेज पाठवणारी कंपनी तिसरीच, आणि बँडवाल्याचं सगळं काही त्याच्या मेहुण्याच्या डोक्यात. एकाचं दुसऱ्याला कळत नसे. शेवटी एकदा बँड चुकून मागच्या हॉलमधल्या शोकसभेत शिरला आणि दोन गाणी वाजवून थांबला. दोन एवढ्याचसाठी, की पहिलं संपल्यावर सवयीनं थोड्या टाळ्या पडल्या होत्या.

त्यानंतर मला बोलावलं गेलं. मी सगळ्यांच्या सिस्टिम एपीआयनं जोडल्या. एपीआय म्हणजे काय, असं शेटजींनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, खिडकी. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरायचं नाही. खिडकीशी यायचं, ठरलेल्या शब्दांत मागायचं, ठरलेलंच मिळेल. इथे एका लग्नाची पानं वाढली की केटररला आपोआप कळणार, मांडववाल्याच्या खुर्च्या वाढणार, फाटकावरच्या फलकावर नाव झळकणार. शेटजींना हे फार आवडलं. त्यांनी लगेच सगळ्यांना एकच पासवर्ड वाटून टाकला. केटररला, बँडवाल्याला, चहावाल्यालासुद्धा. आपल्याकडे घराला कुलूप लावून किल्ली शेजारी देतात, तसं.

मग व्हायचं तेच झालं. जेवणाच्या यादीत आपलं नाव नाही म्हणून रुसलेल्या एका मावसभावानं फोन केला, ‘मी मुलीचा बाप बोलतोय, लग्न रद्द करा.’ इकडे कुणीतरी बटण दाबलं. केटररनं चुली विझवल्या. वऱ्हाड आलं तेव्हा स्वागताला फक्त घोडा हजर होता, कारण घोडेवाले दस्तगीरभाई आमच्या सिस्टिममध्ये नव्हते. त्यांचा फोन बटणांचा होता, आणि घोड्याकडे फोनच नव्हता.

त्या दिवशी शेटजी मला म्हणाले, “इंजिनेर, असं कुलूप घाल की कुणालाच उघडता येऊ न्हाय. मलाबी न्हाय. तुलाबी न्हाय.”

मी घातलं. प्रत्येकाला वेगळी किल्ली, प्रत्येकाला आपल्यापुरतंच दिसणार. केटररला पानं दिसत, पण नवरीचं नाव दिसत नसे. वरपक्षाला फलकावरचा मजकूर बदलता येई, पण पानांना हात लावता येत नसे. फोन नंबर कुणालाच दिसत नसत. मलाही नुसत्या फुल्या दिसत. आणि पानं बदलायची असोत की लग्न रद्द करायचं असो, बुकिंगच्या नंबरवर ओटीपी जाणार. तो आकडा आल्याशिवाय ब्रह्मदेव आला तरी काही हलणार नाही. मला त्याचा इतका अभिमान होता की मी ते कुलूप माझ्या बायोडेटात घातलं होतं.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. थोडक्यात सांगायचं होतं, पण अभिमानामुळे लांबलं.

तिनं ऐकून घेतलं. तिचा पाय सारखा हलत होता. “म्हणजे नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे तुमच्या वडिलांच्या नंबरवर ओटीपी जाईल. त्यांनी तो सांगितला तर होईल.”

“बाबा सांगतील? कालपासून मी घरात नाही म्हणतेय. मी नाही म्हटलं की आई दूध-हळद देते. मावशी दृष्ट काढते. बाबा विचारतात, काही खाल्लंस का.” ती मेंदीकडे बघत म्हणाली. “काल रात्रीपासून मी इतकं खाल्लंय की ब्लाउज घट्ट झालाय.”

“पण झालं काय?”

“तुमचाच मेसेज आला.”

“माझा?”

“लॉन्सचा. ‘वधूचे नाव यशस्वीरीत्या बदलण्यात आले आहे.’ मी कस्तुरी नलावडे. बाहेर फलकावर वाचा, ‘स्वामिनी’ लिहिलंय.”

मी स्क्रीनवर बघितलं. बदल वरपक्षाच्या किल्लीनं झाला होता. नियमात होतं. सगळं हिरवं होतं.

“लग्नात नाव बदलतात,” मी म्हटलं. मी कुणाची बाजू घेत होतो मला माहीत नव्हतं. बहुतेक सॉफ्टवेअरची.

“बदलतात ना. ताटात तांदूळ पसरून, मला समोर बसवून, अंगठीनं लिहितात. मीही हौसेनं बघितलं असतं. हे मला फाटकावर कळलं.” ती उठून खिडकीशी गेली आणि लगेच परत आली. “तेवढंच असतं तरी मी गप्प बसले असते, अगदी खरं सांगते. मी माती परीक्षणाच्या लॅबमध्ये आहे. काल मॅडमचा फोन आला, अभिनंदन म्हणाल्या. म्हटलं, लग्नाचं? म्हणे, ते आहेच, पण राजीनाम्याचं वाईट वाटतंय. मुलाकडच्या कुणीतरी फोन करून सांगून टाकलं, कस्तुरी सोमवारपासून येणार नाही. लॅबनं मान्यसुद्धा केलं. मी नवऱ्यामुलाला, ओंकारना, विचारलं. ते म्हणाले, अगं, तुझा त्रास वाचवला.”

“फोनवर राजीनामा?”

“माझ्या नोकरीला ओटीपी नव्हता ना,” ती म्हणाली.

 मांडववाल्यांचा ठोका पडला. स्क्रीन हलला.

“तुम्ही ते हॅक का काय करत नाही का?”

“मीच केलेलं मीच कसं फोडू?”

“दुसऱ्यांचं फोडता येतं?”

“नाही. तेही येत नाही.”

“मग शिकलात काय?”

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पुण्यापासून नव्हतं. तेवढ्यात बाहेर शेटजींचा आवाज आला, “या की सर, या, हापिसात पंखा हाय.” आणि त्यामागे दुसरा, हळू, शिकवल्यासारखा आवाज, “पाचच मिनिटं, शेटजी. पानांचं तेवढं बघायचंय.”

“बाबा,” ती म्हणाली आणि उभ्या उभ्या गोल फिरली.

आमचं ऑफिस म्हणजे अर्धं गोदाम होतं. मागच्या बाजूला पाट, चौरंग, प्लास्टरचे दोन हत्ती आणि नवरा-नवरी बसतात तो लाल मखमलीचा सिंहासनासारखा सोफा. मी नुसतं तिकडे बघितलं. मी तिला लप म्हटलं नाही, हे मी पुढे शेटजींना शपथेवर सांगितलं. ती हात वर धरून, शरण आल्यासारखी, सोफ्यामागे गेली आणि खाली बसली.

शेटजी आत आले. त्यांच्यामागून नलावडेसर. निवृत्त भूगोलाचे मास्तर, पांढरा शर्ट, खिशाला पेन, चेहऱ्यावर आठवडाभर न झोपलेल्या माणसाचं हसू. खुर्ची आधीच ओढलेली होती. ते तिच्यावर बसले.

“आमचा इंजिनेर,” शेटजी म्हणाले. “पुण्याहून आणलाय. एक बटन दाबलं की सगळीकडं कळतंय. सर, तुमी नुसतं बोला.”

“पन्नास पानं वाढवायची आहेत,” सर म्हणाले. “मुलाकडची माणसं ऐनवेळी वाढली. त्यांनी सकाळी कळवलं. म्हणजे कळवलं नाही, सांगितलं.”

“वाढव रं.”

मी माऊस धरला.  पन्नास आकडा घातला, बटण दाबलं. “सर, तुमच्या फोनवर ओटीपी येईल. तेवढा सांगा.”

सरांनी खिशातून फोन काढला, लांब धरला, मग आणखी लांब.

सोफ्यामागून बारीक ‘टिंग’ झालं.

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. शेटजींनी कानात बोट घालून हलवलं.

“आला नाही,” सर म्हणाले.

“येईल. नेटवर्क.” मी परत पाठवला.

टिंग.

“सोफ्यात काय वाजतंय रं?” शेटजी म्हणाले.

“स्प्रिंग असेल.”

“नवा सोफा हाय तो. स्प्रिंगा कुठनं वाजतील?”

मला काहीतरी कळायला लागलं होतं, पण ते इतकं सोपं होतं की मी ते पूर्ण कळून घेत नव्हतो. माझं कुलूप चुकीच्या दाराला लागलं असणं शक्यच नव्हतं; ते बायोडेटात होतं.

“थांबा,” नलावडेसर म्हणाले. “कस्तुरीलाच विचारतो. ओटीपीचं आमच्याकडे तीच बघते. गॅसचा, लाइटबिलाचा, सगळा.” आणि त्यांनी फोन लावला.

लाल मखमली सोफ्यामागे कोंबडा आरवला.

खणखणीत. पूर्ण बांग. थांबला आणि परत आरवला. बापासाठी तिनं ती रिंगटोन लावली होती, कारण घरात पहाटे सगळ्यांना तेच उठवत, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र ऑफिसात तीन पुरुष एका सिंहासनाकडे बघत होते आणि ते आरवत होतं.

“कोंबडा हाय आत?” शेटजी म्हणाले.

फोन पर्समध्ये, हात मेंदीत. तिला तो बंद करता येत नव्हता. तिनं थोडा वेळ बघितलं असणार. मग सोफ्याच्या पाठीवर आधी दोन लालकाळे हात आले आणि मग ती आली.

नलावडेसरांनी फोन कानालाच ठेवला होता. “कस्तुरी,” ते फोनमध्ये म्हणाले. मग तो खाली घेतला. “तू गच्चीवर हात वाळवत होतीस ना?”

“होते.”

“मग इथे?”

“इथेही वाळतात.”

ते तिच्या चपलांकडे बघत होते. एक तिची, एक बहुतेक मावशीची. “काही खाल्लंस का?” त्यांनी विचारलं.

ती हसली नाही. माझ्या मात्र तोंडून काहीतरी आवाज निघाला. मी तो खोकल्यात घातला.

“बाबा, मला हे लग्न करायचं नाही. मी हे घरी म्हणाले, तेव्हा तुम्ही कुणीच ऐकलं नाही. म्हणून ह्यांना विचारायला आले, की इथून मोडता येतं का.”

“लग्न काय इथून मोडतात?” सर म्हणाले. “हे कार्यालय आहे.”

“हे म्हणतात, तुमच्या नंबरवर ओटीपी जाईल, तुम्ही दिला तरच.”

“माझ्या नंबरवर तर काही येतच नाहीये.” त्यांनी फोन उलटा करून बघितला. जणू मागच्या बाजूला येत असेल.

आता मला बोलणं भाग होतं. “सर, बुकिंग करताना तुम्ही नंबर कुठला दिला होता?”

“माझाच.”

“कुठला?”

त्यांनी सांगितला. थांबत थांबत, दोन दोन आकडे, वर्गात नद्यांची उपनद्यांसह नावं सांगावीत तसा, एकही न चुकता.

“बाबा,” कस्तुरी म्हणाली, “तो माझा आहे.”

सरांनी हातातल्या फोनकडे बघितलं. मग म्हणाले, “माझा मला कुठे पाठ आहे? मी मला कशाला फोन करू? मला हाच एक पाठ आहे.” आणि जरा वेळानं, माझ्याकडे बघून, “त्यांनी नंबर विचारला. पाठ होता तो सांगितला.”

मला आठवतं, बाहेरचे ठोके त्याच वेळी थांबले होते. बहुतेक चहा आला असेल.

“म्हंजे?” शेटजी म्हणाले.

“म्हणजे,” मी म्हटलं, “सिस्टिमच्या हिशेबानं ह्या लग्नाच्या मालक ह्या आहेत. पानं ह्यांनीच वाढवायची. रद्द करायचं तर तेही ह्यांनीच.”

“ए, बटन बंद कर.” शेटजींनी उपरणं खांद्यावरून काढून हातात घेतलं. “सर, ऐका माझं. लगीन म्हनलं की पोरी एक दिवस रडत्यात. माझी तर दोन दिस माडीवर चढून बसली हुती. आज तिचा तिसरा पोरगा बालवाडीत हाय. उद्या अख्खं गाव येनार. इंजिनेर, बंद कर म्हनलं ना.”

“मला बंद करता येत नाही, शेटजी. तुम्हालाही येत नाही.”

“मालक मी हाय.”

“तुम्हीच म्हणाला होता, मलाबी न्हाय, तुलाबी न्हाय.”

शेटजी माझ्याकडे असे बघत राहिले, जणू त्या शोकसभेत मीच ढोल वाजवला होता.

नलावडेसर उठले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. खोलीत कुणीतरी काहीतरी आपटावं असं मला वाटत होतं. ते हळूच मुलीपाशी गेले. “कारण?” त्यांनी विचारलं. “दूध-हळद नको. कारण सांग.”

“पर्समध्ये फोन आहे. काढा. मेसेज बघा.”

त्यांनी पर्स उघडली. फोन काढला, लांब धरला. चष्मा घरी राहिला होता. शेवटी तिनंच त्यांच्या हातातल्या फोनवर वाकून वाचून दाखवलं. वधूचे नाव यशस्वीरीत्या बदलण्यात आले आहे. मग तिनं लॅबचं सांगितलं. मॅडमचा फोन, राजीनामा, तुझा त्रास वाचवला. माझ्यासमोर बोलली होती तसं नाही. एकेक वाक्य वेगळं, सपाट, मातीच्या नमुन्याचा अहवाल वाचावा तसं.

“फोन कुणी केला लॅबला?”

“ओंकारच्या काकांनी. मी कस्तुरीच्या घरून बोलतोय, असं सांगून.”

“माझ्या घरून?” सर म्हणाले.

ह्या एका गोष्टीवर त्यांचा आवाज बदलला. बाकीचं त्यांनी कदाचित पोटात घातलं असतं. जन्मभर घातलं होतं. पण आपल्या घरून कुणी तिसराच बोलतो, हे त्यांना सोसलं नाही. ते खिडकीशी गेले. तिथून फाटकावरचा फलक दिसत असे. उन्हात दिवे नीट दिसत नव्हते, पण अक्षरं वाचता येत होती. चष्म्याशिवायही त्यांना वाचता आली, कारण ती दूर होती.

“नाव मी ठेवलं होतं,” ते फलकाकडे बघत म्हणाले. “तिच्या आजोबांना ‘सुमन’ हवं होतं. मी भांडलो होतो.” मग माझ्याकडे वळून, “ती पन्नास पानं काढा.”

“ती चढलीच नाहीत, सर. ओटीपी आला नव्हता.”

“हो. आला नव्हता.” त्यांनी मान हलवली. “मग आता दुसरा पाठवा.”

“कशासाठी?” मी विचारलं. मला विचारावंच लागणार होतं. नियम होता. आणि नियम नसता तरी ते कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

 सरांनी मुलीकडे बघितलं. ते बघणं बराच वेळ चाललं. शेटजींनी तेवढ्यात उपरण्यानं तोंड पुसलं, मान पुसली, आणि शेवटी टेबलही पुसलं.

“रद्द करायचंय,” कस्तुरी म्हणाली.

मी बटण दाबलं. टिंग. ह्या वेळी आवाज सरांच्या हातात झाला आणि ते दचकले. त्यांनी फोन तिच्यासमोर धरला. मग त्यांनी दुसरा हातही खालून लावला.

“मी टाकतो आकडे,” मी म्हटलं. “तुम्ही वाचा.”

“त्यात लिहिलंय, कुणालाही सांगू नका,” ती म्हणाली.

मी मान दुसरीकडे केली. ती माझ्या खुर्चीवर बसली. मागून मला फक्त ऐकू येत होतं. एक कळ. मग बराच वेळ काही नाही.

“नीट वाच,” नलावडेसर म्हणाले. “घाई करू नको. पेपर तुझाच आहे.”

दुसरी कळ. तिसरी. चौथी.

मग खिडक्या बंद व्हायला लागल्या. माझ्या स्क्रीनवर एकामागून एक हिरव्या खुणा: केटरर, मांडव, बँड, निमंत्रणाचे मेसेज. बँडवाल्यानं अंगठा पाठवला. बाहेर फलकावरची ‘स्वामिनी’ विझली आणि तिथे ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ आलं. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला लाजल्यासारखं झालं. असं सुरळीत ह्या गावात कधी काही चालत नाही.

रद्द झाल्याचा मेसेज वरपक्षाला गेला. त्याच्या खाली मी हौसेनं एक ओळ घातली होती: ‘काही शंका असल्यास शून्य दाबा.’ त्यांनी शून्य दाबलं. माझ्या टेबलावरचा फोन वाजायला लागला.

कुणीच तो उचलेना. शेटजी फोनकडे बघत होते, मी शेटजींकडे. शेवटी सरांनी रिसीव्हर उचलला.

“नलावडे बोलतोय. हो. नाही, बिघाड नाही. खरं आहे.” पलीकडून बरंच काहीतरी आलं; त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. “ते तुम्ही तिच्याशीच बोला. हो, इथेच आहे. तिचे हात ओले आहेत. मी फोन धरतो.”

त्यांनी रिसीव्हर तिच्या कानाशी धरला, तसाच, दोन्ही हातांनी.

“मी कस्तुरी,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अक्षतांच्या वेळेला मी फाटकात उभा होतो. मेसेज न वाचलेलं कुणी आलंच तर सांगावं म्हणून. कुणी आलं नाही. बातमी एपीआयच्या आधी पोचली होती. आला तो दस्तगीरभाईंचा घोडा. त्याचं नाव सरपंच होतं. कपाळाला गोंडे, पाठीवर जरीची झूल, चालीत कुणाचंही ऐकून न घेण्याचा भाव.

“लगीन न्हाई?” दस्तगीरभाई म्हणाले. “मला कुनी बोललं न्हाई.”

“तुम्ही सिस्टिममध्ये नाही ना, चाचा.”

“मी न्हाई. पर घोडा तर नटला की. आता ह्याला घरी कसा नेऊ? हा रुसतो.”

आम्ही दोघं सरपंचाकडे बघत उभे होतो, तेवढ्यात रस्त्यावरून कस्तुरी स्कूटीवर आली. साधा ड्रेस, हात कोपरापर्यंत लालभडक रंगलेले. लॅबला निघाली होती, आपण राजीनामा दिलेला नाही हे सांगायला. लॅब पुढे त्याच रस्त्याला. तिनं घोड्याकडे बघितलं, फलकाकडे बघितलं, मला काहीतरी म्हणाली. ते ऐकू आलं नाही. ती पुढे गेली. दस्तगीरभाईंनाही तिकडूनच जायचं होतं. पुढे तिची स्कूटी, मागे रिकाम्या पाठीचा नटलेला सरपंच, आणि रस्त्यावरची माणसं वरात समजून बाजूला होत होती.

त्याला आता बरीच वर्षं झाली. सप्तपदीत हल्ली नवं बुकिंग करताना वधूचा मोबाइल क्रमांक द्यावाच लागतो, त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. फलकावरचं नाव बदलायलाही त्याच नंबरवर ओटीपी जातो. वडील मंडळी विचारतात, हा कशाला? मी म्हणतो, तांत्रिक अडचण आहे. तांत्रिक म्हटलं की कुणी वाद घालत नाही.

कीबोर्ड मात्र तोच आहे. पांढरा होता, चार कळांवर मेंदी बसली ती गेली नाही. रॉकेलनं पुसली, लिंबानं पुसली, फिकट झाली पण राहिली. परवा शेटजी म्हणाले, नवा घे की. कुनी बी बघितलं तर तुझा आकडा वळखंल.

“ओळखू दे,” मी म्हटलं. “तो एकदाच चालतो.”